जप्तीतला पहिला मोबाइल

वाशीत जप्त मोबाइल तपासण्याच्या कामावर रुजू झालात, अभिनंदन! तपासणीचं सॉफ्टवेअर शिकता येईल सावकाश, आधी हात सांभाळा.

फोन चालू असेल तर बंद करू नका. बंद करून पुन्हा चालू केला की पासकोडशिवाय बराचसा डेटा कुलूपबंदच राहतो. नेटवर्क मात्र लगेच तोडा: एअरप्लेन मोड (वायफाय वेगळं तपासा, ते चालू राहू शकतं), मग फॅराडे पिशवी (सिग्नल अडवणारी). फोन बंद पडू नये म्हणून पॉवर बँक जोडा, तीही पिशवीच्या आतच. तुर्भ्याला आम्ही चालू फोन साध्या पाकिटात सील केला होता. पोलीस ठाण्यात पोचेपर्यंत कुणीतरी त्यातला डेटा दुरूनच पुसला. अजून सलतं.

- ‘जरा बघतो’ म्हणत व्हॉट्सॲप उघडायचं नाही.
- आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि स्क्रीनवरची वेळ पंचनाम्यात हवी.
- डेटाची प्रत काढताच हॅश (डेटावरून निघणारा, त्याच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) नोंदवा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३च्या कलम ६३च्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात तो द्यावा लागतो.

डेटासाठी फोन उघडून मेमरी चिप काढण्याचं सध्या मनातही आणू नका.