टाउन्सव्हिल बुडणार नाही, पण तुमच्या लेकीला पगार कोण देणार?

प्रश्न : आम्ही भांडुपला राहतो. मुलीनं यंदा प्राणिशास्त्रात बीएस्सी केलं. तिला ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात सागरी जीवशास्त्रात मास्टर्स करायचंय. एजंट म्हणतो, शहर झपाट्यानं वाढतंय, नोकरीची चिंता नको. माझा मेहुणा म्हणतो, सिडनी-मेलबर्न सोडून त्या आडगावात कशाला? कर्जासाठी राहतं घर तारण ठेवावं लागेल. या शहराला पुढं भवितव्य आहे का? – एक वडील

उत्तर : एजंटनं दिलेलं माहितीपत्रक तुम्ही पत्रासोबत जोडलंत ते बरं केलंत. मुखपृष्ठावर बदामाच्या आकाराचं प्रवाळ आहे. हे हार्ट रीफ टाउन्सव्हिलचं नव्हे, व्हिटसंडे बेटांच्या पलीकडचं. त्या बाजूला जायचं तर एअर्ली बीच गाठायचं, आणि ते टाउन्सव्हिलहून अडीचशे किलोमीटरच्या वर. मुंबईतल्या कॉलेजनं जाहिरातीत महाबळेश्वरचा फोटो छापावा, त्यातली गत. (तिथं निदान बॉम्बे पॉइंट तरी आहे.)

मेहुण्यांचंही खरं नाही. दोनेक लाख वस्तीचं गाव आपल्याला किरकोळ वाटतं, पण राज्याची राजधानी ब्रिस्बेन तिथून रस्त्यानं तेराशे किलोमीटरहून लांब. एवढ्या टापूला मोठं इस्पितळ, कोर्ट, बंदर, कॉलेज जे काही लागतं ते इथंच. आजूबाजूचे चार जिल्हे जसे दवाखान्याला, शिक्षणाला, खरेदीला नांदेडला किंवा अकोल्याला येतात, तसंच. १८६०च्या दशकात गुरांच्या व्यापारासाठी हे बंदर वसलं. मग चार्टर्स टॉवर्सचं सोनं आलं, पुढं माउंट आयझाचं तांबं रेल्वेनं येऊ लागलं. खणणारे आत लांब. त्यांचा माल शुद्ध करणं, जहाजावर चढवणं, त्यांची दुखणी काढणं, त्यांची पोरं शिकवणं हा या शहराचा धंदा. त्यात १९६६ मध्ये लॅव्हरॅक बॅरॅक्स ही मोठी लष्करी छावणी आली आणि १९७० मध्ये जेम्स कुक स्वतंत्र विद्यापीठ झालं.

यातला धातूंचा पाय लंगडतोय. २०१६ मध्ये शहराबाहेरचा याबुलूचा निकेल कारखाना बंद पडला, सुमारे ८०० जणांच्या नोकऱ्या गेल्या. २०२५ मध्ये माउंट आयझाची तांब्याची खाण थांबली आणि टाउन्सव्हिलची तांबं शुद्ध करणारी रिफायनरी चालू राहावी म्हणून सरकारला पैसा ओतावा लागला.

तुम्ही भांडुपचे, एलबीएस रोडवर टॉवर आणि मॉल उभे राहण्याआधी कारखाने होते हे मी तुम्हाला सांगायला नको. माझे वडील त्याच रस्त्यावरच्या एका कंपनीत होते. कंपनी बंद झाल्यावरही ते महिनाभर रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, स्टेशनच्या बाकावर बसायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचे. डबा रिकामा असायचा, म्हणून आईलाही कळलं नाही. तेव्हापासून कुठलंही शहर पाहिलं की मी आधी विचारते, इथं पगार किती ठिकाणांहून येतात? टाउन्सव्हिलला ते बऱ्याच ठिकाणांहून येतात. निकेल गेलं तेव्हा शहराला मार बसला, पण जवानांचे, नर्सेसचे, प्राध्यापकांचे पगार वेळेवर होतच होते. त्यामुळे माझ्या मते शहर बुडणार नाही. झपाट्यानंही वाढणार नाही, सावकाश वाढेल. पावसाचाही अडसर आहेच. फेब्रुवारी २०१९ मध्ये रॉस नदीच्या धरणाचे दरवाजे पूर्ण उघडावे लागले आणि वस्त्याच्या वस्त्या पाण्यात गेल्या. २६ जुलै पाहिलेल्या माणसाला हे समजतं. वादळ-पुरामुळे तिथं घराचा विमाही महाग पडतो.

पण खरं सांगू का, तुम्ही विचारलेला प्रश्न दुय्यम आहे. शहर वाढलं म्हणजे तुमच्या लेकीला नोकरी लागली असं होत नाही. तिथल्या पगारांतला कुठला पगार तिच्या खात्यात पडू शकतो, ते बघा. लष्करात नागरिकत्वाची अट, तो बाद. ग्रेट बॅरियर रीफ या किनाऱ्यालगतच्या अफाट प्रवाळरांगेचा कारभार बघणाऱ्या मरीन पार्क प्राधिकरणाचं मुख्यालय याच शहरात आहे, पण ते पडलं केंद्र सरकारचं, आणि तिथल्या सरकारी पदांनाही सहसा नागरिकत्व लागतं. रिफायनरीला हवेत वेल्डर, इलेक्ट्रिशियन, धातुशास्त्रज्ञ. इस्पितळाला हव्यात नर्स. ती नर्सिंग झालेली असती तर हे उत्तर मी चार ओळींत संपवलं असतं.

उरलं विद्यापीठ, शहराबाहेर केप क्लीव्हलँडला असलेली ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्स, आणि बंदरासाठी, नगरपालिकेसाठी पाण्याची-गाळाची तपासणी करणाऱ्या खासगी सल्लागार कंपन्या. इथं काम आहे. २०१६ ते २०२४ या काळात प्रवाळांचं मोठं विरंजन (पाणी तापल्यानं प्रवाळं पांढरी पडणं) पाच वेळा झालं. समुद्र आजारी, म्हणून संशोधनाला निधी. पण तो येतो प्रकल्पापुरता, आणि नोकरीही दोन-तीन वर्षांच्या करारावर. त्या एकेका जागेसाठी जगभरातून अर्ज येतात, कारण प्रवाळ शिकायला याच्यापेक्षा चांगली गावं फार नाहीत. मेहुण्यांना हेही सांगा, सिडनीच्या दारात बॅरियर रीफ नाही.

म्हणून मी ‘जाऊ नको’ म्हणणार नाही, ‘यंदा नको’ म्हणेन. तिनं समुद्राचं काम हातानं केलंय का? या विषयात डॉल्फिनबरोबर पोहणं फारसं नसतं. चिखलाचा नमुना चाळणीवर धुवायचा, स्पिरिटच्या वासात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बोटभर गाळातले किडे मोजायचे, आणि पुढचा आठवडा ते आकडे संगणकात भरायचे. हे तिला अंधेरीतही करून बघता येईल. वर्सोव्याला मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं प्रादेशिक केंद्रही अंधेरीतच आहे. २०२० मध्ये कोस्टल रोडसाठी हाजी अली-वरळीच्या खडकांवरची प्रवाळं उचलून दुसरीकडे बसवली, तीही याच संस्थेच्या देखरेखीखाली. एखाद्या प्रकल्पावर सहा महिने मदतनीस म्हणून चिकटता आलं तर चिकटावं, मानधन थोडं असलं तरी. सोबत संख्याशास्त्र, ‘आर’ ही आकडेमोडीची संगणकभाषा, उपग्रहाचे नकाशे वाचणं. नुसत्या प्रवाळप्रेमाला तिथं कुणी विचारत नाही. आकडे हाताळणाऱ्याला विचारतात, आणि ते काम पुढं समुद्र सोडूनही करता येतं.

आता पैशाचं. व्हिसासाठी फी सोडून वर्षभराच्या राहण्याखाण्याचे २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात (मे २०२४ पासूनचा आकडा), आणि कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. लहान शहरात भाडं सिडनीपेक्षा कमी, पण कॅफेतल्या, दुकानातल्या अर्धवेळ नोकऱ्याही कमी. टाउन्सव्हिलच्या बाजूनं एक गोष्ट नक्की आहे. अशा प्रादेशिक शहरात शिकून तिथंच राहिलेल्यांना पदवीनंतरच्या पहिल्या व्हिसावर आणखी दोन वर्षांपर्यंतचा दुसरा व्हिसा मिळू शकतो. हे नियम सारखे बदलतात, तेव्हा तिथल्या गृहखात्याच्या वेबसाइटवर स्वतः वाचा. एजंटला विद्यार्थ्यामागे विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, त्याच्या तोंडून ऐकू नका.

राहतं घर या कोर्ससाठी तारण ठेवू नका. मुलगी उद्या परत आली, तरी इथल्या पगारातून हप्ता भरता येईल एवढंच कर्ज काढा. तेवढ्यात भागत नसेल तर शिष्यवृत्तीसाठी एक वर्ष थांबा. ती एकवीस वर्षांची आहे, समुद्र कुठं जात नाही.

एवढ्यात एक काम तिला द्या, तुम्ही करू नका. विद्यापीठातल्या आणि मरीन सायन्स संस्थेतल्या तीन संशोधकांचे ताजे शोधनिबंध तिनं वाचावेत आणि प्रत्येकाला त्या कामाबद्दल एक नेमका प्रश्न इंग्रजीत मेल करावा. ‘आय अ‍ॅम पॅशनेट अबाउट ओशन’ हे वाक्य त्यात नको. एकाचं जरी उत्तर आलं तरी तिला घेऊन माझ्याकडे या, येताना तिची बीएस्सीची प्रोजेक्ट वहीही आणा. एजंटला तोवर टोकन देऊ नका.