हॅश टेबल चालू केलं की इंजिन मात द्यायचं विसरतं

तुमच्या बुद्धिबळाच्या इंजिनाबद्दल तुमच्या तक्रारी दोन. हॅश टेबल, म्हणजे आधी तपासलेल्या स्थितींचे स्कोअर आणि चाली साठवणारा तक्ता, बंद असताना इंजिन ठीक खेळतं. चालू केलं की राजा-हत्ती विरुद्ध एकटा राजा अशा सोप्या अंत्यखेळातही दर चालीला 'चार चालींत मात' म्हणत राहतं आणि शेवटी पन्नास चालींच्या नियमानं डाव बरोबरीत सुटतो. शिवाय मधूनच रिकाम्या घरावरचा मोहरा उचलायला जातं. टेबल १६ एमबीचं २५६ केलं तरी फरक नाही, म्हणून तुमचा संशय कोलिजनवर, म्हणजे दोन वेगळ्या स्थिती एकच समजल्या जाण्यावर.

माझ्या मते हे चोर सोडून संन्याशाला सुळी आहे. हिशोब करून बघा. १६ एमबीत १६ बाइटची एक नोंद धरली तर साडेदहा लाखांच्या आसपास जागा होतात, म्हणजे इंडेक्सला (टेबलातली जागा ठरवायला) २० बिट गेले. ६४ बिटांच्या कीमधले (की म्हणजे स्थितीची ओळख सांगणारा आकडा) उरलेले ४४ बिट चुकून जुळण्याची शक्यता २ च्या ४४ व्या घातात एक. सेकंदाला दहा लाख वेळा टेबलात डोकावलं तरी अशी एक चूक व्हायला सरासरी दोनशे दिवस लागतील. तुमचं पाच मिनिटांत घसरतंय.

अर्थात हे गणित, ज्यांतून की बनते ते आकडे खरोखर रँडम असले तरच. विंडोजवर सी-मधलं जुनं रँड फंक्शन ३२,७६७ च्या पुढे जात नाही. पंधराच बिट. ते थेट ६४ बिटांच्या चलात टाकलं की वरचे ४९ बिट जन्मभर शून्य. आणि नोंदीत पडताळणीसाठी कीचे खालचे १६ बिट ठेवत असाल, इंडेक्सही खालच्याच बिटांवरून काढत असाल, तर तुम्ही त्याच बिटांशी त्याच बिटांची तुलना करताय. ती कायम जुळणारच! या दोन गोष्टी आज रात्रीच बघून घ्या.

आता कामाला लागू. एकच थ्रेड, ठरलेली डेप्थ (किती खोल बघायचं ते), रँडमचं बी (सीड) कायम तेच आणि प्रत्येक वेळी टेबल पुसून सुरुवात. दोनदा चालवून नोडचा (तपासलेल्या स्थितींचा) आकडा तंतोतंत सारखा आला पाहिजे. येत नसेल तर कुठेतरी मेमरी कोरी न करता वापरताय, आधी ते.

मग की. की बनवायच्या झोब्रिस्टच्या पद्धतीत पटावरच्या प्रत्येक गोष्टीला एक रँडम आकडा असतो आणि ते एक्सॉरनं (बिटागणिक फरक काढून) एकत्र करतात. असे साधारण ७८१ आकडे असतात: १२ प्रकारचे मोहरे गुणिले ६४ घरं म्हणजे ७६८, वर खेळी कोणाची याचा एक, कॅसलिंगच्या हक्कांचे चार, एन पासांच्या (प्यादं वाटेत मारण्याच्या) उभ्या पट्ट्यांचे आठ. चाल करताना आपण की जागच्या जागी बदलत जातो आणि तिथेच काहीतरी राहून जातं. म्हणून डिबग बिल्डमध्ये प्रत्येक चालीनंतर पूर्ण पटावरून की नव्यानं काढा आणि चालत आलेल्या कीशी ताडून पाहा. दहापट हळू चालेल, चालू दे.

पर्फ्ट (ठरलेल्या डेप्थपर्यंतच्या सगळ्या शक्य चाली मोजण्याची चाचणी) बरोबर येतंय म्हणून की बरोबर आहे असं समजू नका. साधं पर्फ्ट कीकडे ढुंकूनही बघत नाही. माझ्या इंजिनाचं किवीपीट या ठरावीक चाचणी-स्थितीतलं पर्फ्ट चार डेप्थला ४०,८५,६०३ येत होतं, अगदी चोख, आणि तरी की चुकत होती. तीन आठवडे सर्चमध्ये खोदत बसलो. शेवटी वरची तपासणी घातली, तर तिसऱ्याच प्लायला (एका बाजूची एक चाल म्हणजे एक प्लाय) थांबलं: ई५ चा घोडा एफ७ चं प्यादं खातो आणि पुढच्या खेपेला एच८ चा हत्ती. काळ्याचा त्या बाजूचा कॅसलिंगचा हक्क मी पटावरून काढला होता, कीमधून काढलाच नव्हता. हत्ती स्वतः हलला तर काढत होतो. कोपऱ्यात मारला गेला तर नाही.

हे सापडलं कसं ते महत्त्वाचं. दोन्ही की एकमेकींशी एक्सॉर करा. जो फरक उरतो तो तुमच्याच तक्त्यातला एखादा आकडा असतो, आणि तो कोणता हे शोधलं की गुन्हेगाराचं नाव-गाव हातात. एकट्यानं जुळला नाही तर जोड्या करून बघा. जोड्या तीन लाखांच्या वर थोड्याच होतात, पापणी लवायच्या आत संपतात. चाल मागे घेताना मात्र उलटं एक्सॉर करत बसू नका. जुनी की जपून ठेवा आणि परत लावा. नल मूव्हमध्ये (चाल न करता खेळी समोरच्याला देण्यात) खेळी बदलायची आणि एन पासां पुसायचं, तेही बघा.

'चार चालींत मात' चं दुखणं वेगळं आहे आणि ते मला प्रश्न वाचतानाच कळलं. मातेचा स्कोअर ३२,००० वजा प्लाय असा मुळापासून (सर्च जिथून सुरू झाला त्या स्थितीपासून) मोजलेला असतो. समजा सातव्या प्लायला एक स्थिती आली आणि तिथून तीन प्लायवर मात आहे. स्कोअर ३१,९९०. तुम्ही तो तसाच टेबलात ठेवता. तीच स्थिती दुसऱ्या वाटेनं तिसऱ्या प्लायला आली की खरा स्कोअर ३१,९९४, पण टेबल सांगतं ३१,९९०. पुढच्या चालीला मूळच सरकतं आणि जुन्या नोंदी जुन्याच मुळाचं सांगत राहतात. सगळ्याच चाली सारख्याच मातेच्या दिसतात, इंजिन निवांत फिरत बसतं. ठेवताना प्लाय मिळवा (३१,९९० अधिक ७, म्हणजे ३१,९९७, 'इथून तीन प्लाय'), काढताना चालू प्लाय वजा करा. आपल्यावर मात असेल तर चिन्हं उलटी. आणि हे बीटाशी (सर्चमधल्या स्कोअरच्या वरच्या मर्यादेशी) तुलना करण्याआधी, नंतर नाही.

हात लागलाच आहे तर बाउंडही बघा, म्हणजे नोंदीतला स्कोअर नेमका (एक्झॅक्ट) आहे की नुसती वरची किंवा खालची मर्यादा. लूपमध्ये अल्फा (स्कोअरची खालची मर्यादा) वाढवून झाल्यावर शेवटी 'बेस्ट अल्फापेक्षा मोठा नाही, म्हणजे अप्पर बाउंड' असं तपासत असाल, तर ते प्रत्येक वेळी खरं ठरतं, कारण अल्फा बेस्टइतकाच झालेला असतो. एक्झॅक्ट नोंद कधी पडतच नाही. फंक्शनच्या तोंडाशी जुना अल्फा बाजूला ठेवा आणि त्याच्याशी तुलना करा. वेळ संपून सर्च अर्धवट थांबला असेल तर तो स्कोअर टेबलात लिहायचा नाही. आणि टेबलातून आलेली चाल खेळण्याआधी या पटावर ती शक्य आहे का हे नेहमी तपासायचं, की कितीही शुद्ध असली तरी.

एक धोक्याची सूचना: टेबल चालू-बंद केल्यावर नोड किंवा स्कोअर वेगळा आला म्हणून लगेच घाबरू नका, जास्त डेप्थच्या नोंदी वापरल्या की तो बदलतोच. खरी तुलना करायची तर नल मूव्ह, एलएमआर (यादीतल्या मागच्या चाली कमी डेप्थला तपासणं) आणि पुनरावृत्तीची तपासणी तात्पुरती बंद करा, डेप्थ तंतोतंत सारखी असेल तरच नोंद वापरा. मग मुळाचा स्कोअर दोन्हीकडे सारखाच आला पाहिजे.

तो जुळला की फाइन ७० लावा, रूबेन फाइन यांच्या १९४१ च्या अंत्यखेळाच्या पुस्तकातली सत्तरावी स्थिती. पांढरा राजा ए१, प्यादी ए४, डी४, डी५, एफ४, काळा राजा ए७, प्यादी ए५, डी६, एफ५, खेळी पांढऱ्याची. जिंकणारी चाल राजा बी१. पटावर दोन राजे आणि अडकलेली प्यादी एवढंच, त्यामुळे त्याच त्या स्थिती परत परत येतात आणि धड टेबल असेल तर डेप्थ भराभर वाढत जाते. तुमचं इंजिन कितव्या डेप्थला बी१ म्हणतं आणि त्याआधीच्या एक्सॉरमध्ये कोणता आकडा सापडला, ते इथेच खाली टाका.