इंग्रजीतलं 'ग्रिट' म्हणजे नेमकं काय? 'धाडस' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. धाडस घटकाभराचं असतं, ग्रिट लांब पल्ल्याची. मूळ अर्थ वाळू-दगडाचे खरखरीत कण. कोंबड्या पोटात दाणा दळायला खडे टिपतात ना, तेही ग्रिटच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन बोलीत त्याचा अर्थ झाला चिवटपणा.

आमच्या वऱ्हाडात पाऊस दडी मारतो, सोयाबीन उगवतच नाही. उसनं बियाणं आणून एखादी बाई दुबार पेरणीला परत तिफणीमागं सरता (बी सोडायची नळी) धरते, तेव्हा म्हणायचं, 'शी हॅज ग्रिट'. 'अ ग्रिट' नाही बरं! 'ग्रिटी' मात्र जपून वापरा: माणूस असेल तर खमका, भात असेल तर दाताखाली कचकच.