मीटरचं सील तुटलेलं निघालं, म्हणजे वीजचोरी सिद्ध झाली का?

प्रश्न: पारोळा तालुक्यात भाड्याच्या गाळ्यात मी पिठाची चक्की आणि मिरची कांडप चालवते. मंजूर भार 7.5 एचपी, मीटर गाळ्याबाहेरच्या भिंतीवर, कनेक्शन घरमालकाच्या नावावर. परवा भरारी पथक आलं. मीटरच्या बॉडीचं एक सील तुटलंय आणि मीटर 33 टक्के हळू चालतंय असं सांगून पंचनाम्यावर माझी सही घेतली, मीटर काढून नेलं, वीज तोडली. आता 12 महिन्यांचं बिल आणि वर तडजोड शुल्क (खटला मिटवण्यासाठी भरायची रक्कम) भरा, नाहीतर गुन्हा दाखल करू, असं म्हणतात. मी सीलला हातही लावलेला नाही. काय करू?

उत्तर: ताई, तडजोड शुल्क लगेच भरू नका. बिलाची रक्कम जमत असेल तर ‘हरकत कायम ठेवून भरत आहे’ असं लेखी देऊन भरा आणि आधी वीज जोडून घ्या. वीज कायदा 2003 च्या कलम 135(1अ) प्रमाणे आकारलेली रक्कम जमा झाल्यापासून 48 तासांत पुरवठा सुरू करावा लागतो. पुढे विशेष न्यायालयाने देणं कमी ठरवलं, तर जादा भरलेले पैसे व्याजासह परत मिळण्याची तरतूद कलम 154 मध्ये आहे.

‘पैसे भरा नाहीतर गुन्हा’ हा सौदा कायद्यात बसत नाही. चोरी म्हणून वीज तोडली असेल तर 24 तासांच्या आत पोलिसांत लेखी तक्रार देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि बिल भरल्याने ते टळत नाही. म्हणून आधी पोलीस ठाण्यात चौकशी करा. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तक्रार झाली असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 482 खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज लगेच करा. कमाल शिक्षा 3 वर्षांची असल्याने पोलिसांनी सहसा त्याच संहितेच्या कलम 35(3) ची नोटीस (अटक न करता हजर राहायला सांगणारी) द्यायला हवी. ती आली तर हजर राहा, टाळू नका.

आता मुख्य मुद्दा. तुटलेलं सील संशयाला जागा देतं, पण कलम 135 मध्ये ‘अप्रामाणिकपणे’ वीज घेणं हा गुन्हा आहे. वीज चोरण्याचं कृत्रिम साधन सापडल्याचं सिद्ध झालं, की ते ग्राहकाचंच असं गृहीत धरलं जातं आणि उलटं सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर येतो. ते साधन कंपनीने आधी दाखवायला हवं. मीटरच्या आत जादा रेझिस्टर होता का? सीटीची (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) तार कापलेली किंवा शॉर्ट केलेली होती का? पंचनाम्यात यातलं काहीच नसेल, नुसतं ‘सील तुटलेले’ एवढंच असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे.

33 टक्के हा आकडा नीट पाहा. थ्री फेज मीटरमध्ये एका फेजचा करंट मोजला गेला नाही की मीटर साधारण एक तृतीयांश हळू दाखवतं. हे छेडछाडीने होतं, तसंच टर्मिनलचा स्क्रू ढिला पडून किंवा तार जळूनही होतं. चक्कीची मोटार सुरू होताना जो झटका घेते, त्याने ढिलं टर्मिनल तापून काळं पडतं. मीटर आपोआप बिघडलेलं ठरलं, तर चोरीचा प्रश्नच उरत नाही. राज्य वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या पुरवठा संहितेप्रमाणे सदोष मीटरचं बिल जास्तीत जास्त 3 महिने मागे जाऊन दुरुस्त होतं, 12 महिने नाही.

यातलं काय झालं ते मीटरची मेमरी सांगेल. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये कव्हर उघडणं, चुंबक लावणं, एखाद्या फेजचा करंट गायब होणं, सगळं तारीख-वेळेसह नोंदलं जातं. भारतीय मानक 15959 च्या मीटरमध्ये कव्हर उघडल्याची नोंद 251 क्रमांकाने होते आणि नव्या नोंदी आल्या तरी ती पुसली जात नाही. ती नोंद नसेल तर ‘आत छेडछाड केली’ म्हणणाऱ्याला बरंच स्पष्टीकरण द्यावं लागेल. नोंद आहे, पण तारीख तुमच्या भाडेकराराच्या आधीची आहे? मग प्रश्न घरमालकाकडे जातो. भाडेकरार, पहिली भाडेपावती जपून ठेवा.

म्हणून आजच कार्यकारी अभियंत्याला पत्र द्या आणि पोच घ्या. त्यात मागा: मीटरचा पूर्ण डाऊनलोड केलेला डेटा, प्रयोगशाळेतली तपासणी तुमच्या हजेरीत, मीटर बसवताना वा बदलताना लिहिलेला सील क्रमांकांचा अहवाल, आणि त्यानंतर कोणत्या कर्मचाऱ्याने कोणतं सील काढलं त्याची नोंद. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2006 च्या मीटर विनियमांत सीलचा माग ठेवण्याची व्यवस्था सांगितलेली आहे, आणि परिसराबाहेरच्या मीटरच्या सुरक्षिततेची जबाबदारी परवानाधारकावर, म्हणजे वीज कंपनीवर, टाकलेली आहे. फॉल्ट काढायला आलेल्या लाइनमनने सील काढून नवं लावलंच नाही, असंही घडतं. नोंदी देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा.

जप्त वस्तूंची यादी करून तिची प्रत तुम्हाला द्यायलाच हवी. मीटर पेटीत घालून तुमच्या आणि पंचांच्या सहीच्या कागदाने बंद केलं होतं का, ते आठवून लिहून ठेवा. उघडं मीटर गाडीत टाकून नेलं असेल, तर नंतर त्यात सापडलेल्या वस्तूबद्दल शंका घ्यायला जागा आहे. सही दबावाखाली झाली असेल तर तेही पत्रात लिहा, उशीर करू नका.

बिलाचं गणितही तपासा. बहुतेक वेळा भार × दिवस × तास × वापराचा घटक असं धरतात. 7.5 एचपी म्हणजे सुमारे 5.6 किलोवॅट. 365 दिवस, रोज 10 तास, पूर्ण भार धरला की 20,440 युनिट होतात. आठवड्याची सुट्टी सोडून 313 दिवस, 6 तास आणि 0.6 घटक धरला, तर 6,310. त्यातून आधीच बिल झालेले युनिट वजा करायचे. तुमचे खरे तास दाखवणारी जुनी बिलं आणि दळणाची वही इथे कामी येते.

नोटीस कलम 126 ची, म्हणजे चोरीऐवजी विजेच्या अनधिकृत वापराची, असेल तर मार्ग वेगळा. तात्पुरत्या आकारणीवर हरकत घ्या, 30 दिवसांत अंतिम आदेश व्हायला हवा. त्यापासून 30 दिवसांत, निम्मी रक्कम भरून, कलम 127 खाली विद्युत निरीक्षकाकडे अपील. ग्राहक आयोग या आकारणीत लक्ष घालू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनिस अहमद प्रकरणात 2013 मध्ये स्पष्ट केलंय. तक्रार निवारण मंच आणि दिवाणी न्यायालयही बंद. तिकडे गेलात तर अपिलाची मुदत हातची जाईल.

तडजोड शुल्क कलम 152 प्रमाणे औद्योगिक वापराला दर किलोवॅट किंवा एचपीला, अपूर्णांकालाही, 20,000 रुपये आहे. किलोवॅटने मोजलं तर तुमचे 1,20,000, एचपीने मोजलं तर 1,60,000. राज्य शासन हे दर बदलू शकतं, म्हणून मागणीपत्रात एकक आणि अधिसूचना दोन्ही लिहून मागा. तडजोड एका व्यक्तीला एकदाच मिळते. डेटा खरोखर तुमच्या विरोधात निघाला, तर ती वाट तेव्हा घ्या. नवं मीटर बसेल तेव्हा बॉडी, टर्मिनल कव्हर आणि पेटी यांवरच्या प्रत्येक सीलचा क्रमांक अहवालात लिहून घ्या आणि घरमालकालाही त्याची प्रत द्या.