सुईणीला वगळून त्या घरात जाऊ नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र शनिवारी आलं. एकदा वाचून घडी घालून ठेवलं, रात्री पुन्हा काढलं. पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर काउंटीत गॉर्डनव्हिलजवळच्या त्या आमिश घरात तू नर्स म्हणून तीनदा जाऊन आलीस. तिन्ही वेळा त्या बाईने मान डोलावली, तुझी पत्रकं नीट ड्रॉवरमध्ये ठेवली, आणि सहाव्या बाळंतपणाला ती बोलावणार आहे त्याच बिनपरवान्याच्या सुईणीला. तू लिहितेस, "मावशी, हे लोक अडाणी आहेत. तक्रार करून मोकळी होऊ का? की ही नोकरीच सोडू?"

आधी तो 'अडाणी' शब्द मागे घे. मग पुढचं वाच.

आमिश म्हणजे आधुनिक साधनांपासून लांब, साधेपणाने राहणारा ख्रिस्ती पंथ. त्यांची मुलं आठवीनंतर शाळेत जात नाहीत. 1972 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा तो हक्क मान्य केला. पण त्या आठवी शिकलेल्या बाईला घरात पेनसिल्व्हेनिया डच ही जर्मनची बोली बोलता येते, प्रार्थनेला बायबलची जुनी जर्मन वाचता येते, आणि तुझ्याशी ती इंग्रजीत बोलते. तू तिच्याशी तिच्या भाषेत किती शब्द बोललीस?

मी त्या रस्त्यांवर नर्स म्हणून सव्वीस वर्षं गाडी चालवली. पहिल्याच आठवड्यात एका दारात उभी होते, तेव्हा आतल्या आजीने सुनेला काहीतरी सांगितलं. त्यातला एकच शब्द मला कळला, 'इंग्लिश'. मी जत तालुक्यातल्या उपकेंद्रावर दोन वर्षं काढून आलेली, नऊवारी नेसणाऱ्या आजीची नात, आणि त्या घरासाठी मी इंग्लिश! जो आमिश नाही तो इंग्लिश, एवढाच त्याचा अर्थ. तूही इंग्लिशच आहेस. तुझ्या डिग्रीने, तुझ्या गोड बोलण्याने त्यात फरक पडत नाही. बाहेरच्या बाईला त्या घरात बाळंतिणीच्या खोलीपर्यंत नेईल असं एकच माणूस त्या समाजात आहे, ती सुईण. तिला वगळून गेलीस तर तू कायम स्वयंपाकघराच्या टेबलापर्यंतच पोचशील. चहा मिळेल, 'पाय' नावाचं गोड पक्वान्न मिळेल, मान डोलावलेली मिळेल. बाकी काही नाही.

तुझ्या पत्रात सुईणीबद्दल चार ओळी आहेत आणि चारही तिच्या परवान्याबद्दल. ती कोणाची मुलगी, किती वर्षं बाळंतपणं करते, रक्तस्राव सुरू झाला तर काय करते, यातलं तुला काहीच ठाऊक नाही. ठाऊक नाही कारण तू विचारलं नाहीस. मला राग आला तो याचा.

राग येण्याचं कारण सांगते. मी हेच केलं होतं.

ग्लुटेरिक ॲसिडुरिया या आनुवंशिक आजाराबद्दल तू वर्गात शिकली असशील. 1988 मध्ये फिलाडेल्फियात डॉ. होम्स मॉर्टन यांच्याकडे लँकेस्टरच्या एका आमिश मुलाच्या लघवीचा नमुना आला आणि त्यात त्यांना हा आजार सापडला. ते तिथेच थांबले नाहीत. ते त्या घरी गेले, मग दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी. ज्या मुलांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेने आलेलं अपंगत्व, म्हणून वर्षानुवर्षं खुर्चीत बसवून ठेवलं होतं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना हाच आजार निघाला. 1989 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी कॅरोलाइन मॉर्टन यांनी खास या मुलांसाठी दवाखाना काढला. पुढच्या वर्षी स्ट्रासबर्गला त्याची इमारत झाली, तिचा लाकडी सांगाडा आमिश आणि त्यांच्याच जवळच्या मेनोनाईट पंथाच्या माणसांनी कोठार उभारतात तसा सगळ्यांनी मिळून उभा केला. आजही त्या दवाखान्यासाठी लिलाव होतात आणि बायका महिनोन्‌महिने शिवलेल्या गोधड्या तिथे आणून देतात. विज्ञान नको असलेले लोक जनुकांच्या दवाखान्यासाठी गोधड्या शिवत बसतात का, तूच सांग.

या आजाराचं मूल जन्मतः चांगलं दिसतं. हसतं, कूस बदलतं. मग पहिल्या-दुसऱ्या वर्षात कधीतरी साधा ताप किंवा जुलाब येतो आणि दोन दिवसांत मेंदूच्या आतल्या भागाला कायमची इजा होते. पण टाचेतल्या रक्ताच्या चार थेंबांवरून आधी कळलं, तर आहार सांभाळून आणि आजारपणात वेळेवर सलाईन लावून बहुतेक मुलं वाचवता येतात. चार थेंब. ते टिपायचं एक कार्ड.

1997 च्या हिवाळ्यात एक सुईण माझ्याकडे तीच कार्डं मागायला आली होती. बग्गीतून, काळी शाल गुंडाळून. म्हणाली, "मी त्या घरांत पहिल्या दोन दिवसांत असते, तुम्ही दहाव्या दिवशी येता. कार्डं माझ्याकडे द्या." मी तिला विचारलं, परवाना आहे का? नव्हता. मी कार्डं दिली नाहीत. नियमात बसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं होतं. आपण नियम पाळणाऱ्या, शिकलेल्या, आणि ही कोण?

त्याच महिन्यात तिने केलेल्या एका बाळंतपणाच्या घरी मी पोचले तेव्हा तीन आठवडे झाले होते. बर्फ पडलं होतं, माझ्याकडे घरं खूप होती. आई म्हणाली, बाळ चांगलं आहे, आता कशाला टोचायचं? मी कागदावर 'नकार' लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. तो मुलगा नऊ महिन्यांचा असताना त्याला ताप आला. तिसऱ्या दिवशी त्याला मान धरता येईना. नंतर कधीच आली नाही.

मी भेटायला गेले तेव्हा त्या आईने मला एका शब्दाने दुखावलं नाही. जेवायला थांबवलं. बटाटे वाढले. मुलगा कोपऱ्यात उशांमध्ये होता. मी त्या टेबलावर जेवले कशी हे मला अजून कळत नाही.

तू म्हणशील, नकार तर आईने दिला होता. नाही. कार्ड दुसऱ्या दिवशी सुईणीच्या हातात असतं तर ते विचारण्याचीसुद्धा वेळ आली नसती. बाळाला पुसून, गुंडाळून, वजन करता करता तिने टाच टोचली असती आणि आजीने बाळाचे पाय धरले असते. मी सुईणीला वगळलं. एवढंच झालं होतं आणि तेवढं पुरलं.

त्यानंतरच्या वसंतात मी त्या सुईणीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. पुढची कितीतरी वर्षं, गुरुवारी. मी तिला कार्डं दिली, रक्ताचा ठिपका कागदाच्या आरपार कसा उतरवायचा ते दाखवलं, रक्तदाब मोजायचं चांगलं यंत्र दिलं. तिने मला काय दिलं? दोन चुलत घराण्यांची नावं सांगून ती म्हणायची, इथलं बाळ मी पहिल्याच दिवशी टोचणार, यांच्या आजीच्या भावाची दोन मुलं अशीच गेली. वंशावळीचं जाडजूड पुस्तक तिच्या कपाटात होतं आणि त्याहून जास्त तिच्या डोक्यात होतं. कोणाचा रक्तगट निगेटिव्ह, कोणाला मागच्या खेपेला वार अडकली होती, घरात फोन नसतो म्हणून कोणाचा नवरा रात्री बाहेरच्या टेलिफोनच्या खोपटापर्यंत पळत जाईल आणि कोणाचा थिजून उभा राहील, हे तिला माहीत होतं. हे तुझ्या कुठल्याही संगणकात नाही.

मी बिनपरवान्याच्या धंद्याला पाठीशी घालते असं माझ्याबद्दल बोललं गेलं. बोलणारी माझ्याच बरोबरची माणसं होती. मी कार्डं दिली, परवाना दिला नाही. ज्या बाळांना त्या कार्डांमुळे वेळेवर दवाखाना मिळाला त्यांच्यापुढे मला कोणाला उत्तर द्यावंसं वाटत नाही. तेव्हा वाटलं नाही, आज वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीही वाटत नाही. हे जरा जास्तच ताठपणे लिहिलं गेलं असेल, पण खोडत नाही.

तक्रारीचं म्हणतेस, तर तिचा परिणाम काय होतो तेही बघ. 2002 मध्ये ओहायोच्या होम्स काउंटीत एका मेनोनाईट सुईणीला तुरुंगात जावं लागलं. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला तिने पिटोसिन आणि मेथर्जिन वापरलं होतं, आणि ती औषधं कोणाकडून मिळाली हे सांगायला तिने कोर्टात नकार दिला. इथे पेनसिल्व्हेनियात एका सुईणीवर राज्याच्या वैद्यकीय मंडळाने कारवाई केली, ती 2008 मध्ये कोर्टाने रद्द केली. तिच्यामागे आमिश कुटुंबं उभी राहिली होती, एरवी कोर्टकचेरीपासून चार हात लांब राहणारी माणसं. अशा बातम्या बग्गीच्या वेगाने का होईना, सगळीकडे पोचतात. त्यानंतर सुईण काय करते? रुग्णवाहिका बोलवायला दहा मिनिटं उशीर करते. बाळंतिणीला दवाखान्याच्या दारात सोडते आणि आत येत नाही, म्हणजे किती रक्त गेलं हे सांगणारं तिथे कोणी नसतं. ती दहा मिनिटं कोणाच्या अंगावर जातात, हे तुला शिकवायला नको.

याचा अर्थ डोळे मिटून घे असा नाही. बाळ पायाळू असेल, मागचं सिझेरियन असेल, रक्तदाब चढत असेल, तर घरी बाळंतपण नको हे ठणकावून सांग. पण सुईणीला सांग, तिच्या तोंडावर, आईला सांगण्याआधी. आणि कधी तक्रार करणं भागच पडलं, तर तीही तिच्या तोंडावर सांगून कर. पाठीमागून केलेली तक्रार त्या समाजात पिढीभर विसरत नाहीत.

लँकेस्टर काउंटीला स्वतःचं आरोग्य खातं नाही, हे तू नोकरी धरलीस तेव्हा तुला कोणी सांगितलं होतं का? पाच लाखांवर वस्ती, त्यात आणि आसपास मिळून चाळीस हजारांवर आमिश, आणि भिस्त राज्याच्या आरोग्य केंद्रातल्या मोजक्या नर्सेसवर. ही माणसं व्यापारी विमा घेत नाहीत. 1965 पासून त्यांना सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेतून सूट आहे, त्यामुळे मेडिकेअर हा म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमाही नाही. दवाखान्याचं बिल रोख भरायचं, कमी पडलं तर चर्चने वर्गणी काढायची. दवाखान्यातलं बाळंतपण म्हणजे शेजाऱ्यांच्या खिशात हात घालणं, असं ती बाई मनात म्हणत असते आणि तुझ्यासमोर मान डोलावत असते. तू याला अडाणीपणा म्हणालीस.

लसींचंही तेच. लस घेऊ नये असा त्यांचा धर्म सांगत नाही. 1991 मध्ये रुबेला आला तेव्हा इथल्या आमिश बायकांच्या पोटातल्या बाळांना बाधा झाली. 2014 मध्ये ओहायोत गोवर पसरला. फिलिपिन्समध्ये वादळानंतर मदतीला गेलेली दोन माणसं तो घेऊन आली होती. 383 रुग्ण झाले, जवळजवळ सगळे आमिश. मग गावागावांत मोफत लसीकरण सुरू केलं, तेव्हा दहा हजारांवर लोक दंड पुढे करून रांगेत उभे राहिले. ती लस आधीच्या वर्षीही होती. ती घेऊन त्यांच्या दारात कोण गेलं होतं?

आपल्याकडचं एक सांगते आणि पुढे जाते. जतला मी सुईणीला बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर काढायची. नखं बघून. नंतर इथे आल्यावर गडचिरोलीचं वाचलं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 39 गावांतल्या बायकांनाच नवजात बाळं सांभाळायला शिकवलं. बाळंतपणाच्या वेळी ती आरोग्यसेविका गावच्या सुईणीच्या जोडीने तिथे हजर असायची. तीन वर्षांत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये ते एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि तो अंक मी माझ्या गाडीत बसून वाचला. माझ्या हाताखालून गेलेल्या त्या जतच्या म्हाताऱ्या बायका मला एकेक करून आठवल्या. त्यांना मी नखं कापायला सांगू शकले असते. साबण देऊ शकले असते.

नोकरी सोडायचीच असेल तर सोड, मी अडवणार नाही. पण सोडण्याआधी एकदा त्या सुईणीकडे जा. बाळंतिणीकडे नको, सुईणीकडे.

रूट 340 वरून जाशील तेव्हा दुपारची वेळ धर. सकाळी ती कपडे वाळत घालते आणि रात्रीच्या बाळंतपणाची झोप काढते. पुढचं दार वाजवू नकोस, तिथे मागच्या दारानेच आत जातात. आजी शेजारच्या जोडघरात राहते, तिला आधी भेट. मोबाईल गाडीत राहू दे. फोटोचा विचारही करू नकोस. हातात काही न्यायचं असेल तर बरण्यांची झाकणं ने, उन्हाळ्यात ती कधीच पुरत नाहीत.

बसलीस की तिला विचार, त्या बाळंतिणीच्या घरात शेवटचं अवघड बाळंतपण कधी झालं आणि तेव्हा काय केलं. मग गप्प बस. ती बोलायला वेळ लावेल. नंतर दोघी मिळून तीन गोष्टी ठरवा: रात्री टेलिफोनकडे कोण पळणार, रुग्णवाहिकेला वळण दिसावं म्हणून रस्त्याच्या तोंडाशी कंदील कोण धरणार, आणि किती रक्त गेलं की घड्याळ न बघता निघायचं. तिसरी गोष्ट ती तुझ्यापेक्षा चांगली सांगेल, ती लिहून घे.

कार्डांचं पाकीट पहिल्या दिवशी गाडीतच ठेव. तिने मागितलं तर मात्र उठून लगेच आण.

बाळंतपणाला सहा आठवडे आहेत असं तू लिहिलंयस. म्हणजे गुरुवार सहाच उरले. येत्या गुरुवारी रात्री मला फोन कर, मी जागी असते.

तुझी,
मावशी