‘मॅथेमॅटिकल मॉडेल’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की कॅन्सरवर व्हायरसची थेरपी आणि इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार) जोडीने देतात, त्याच्या मॅथेमॅटिकल मॉडेलिंगवर मराठीत लिहायचंय, तर प्रारूप म्हणू, नमुना म्हणू की प्रतिमान?

प्रारूप नकोच. ते म्हटलं की प्रारूप मतदार यादी आठवते, हरकती-सूचना यायच्या बाकी असलेला कच्चा मसुदा. नमुन्याने तर घोळच होईल, ट्यूमरचा नमुना म्हणजे बायोप्सीला काढलेला तुकडा असंच कुणीही समजणार. प्रतिमान चालेल, पण फार पुस्तकी वाटतं.

मुळात या मॉडेलमध्ये असतं काय ते बघा. चार राशी घेतात, व्हायरस न लागलेल्या कॅन्सरच्या पेशी, लागलेल्या पेशी, मोकळे व्हायरस आणि टी-सेल्स म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढणाऱ्या पेशी, आणि प्रत्येकीची संख्या कुठल्या वेगाने वाढते-घटते याचं एकेक समीकरण. लागण झालेली पेशी फुटते, त्यातून नवे व्हायरस सुटतात, ते शेजारच्या पेशींना लागतात, इथवर सोपं आहे. खरी गंमत टी-सेल्सची, त्या ट्यूमरवर तुटून पडाव्यात हे हवंच असतं पण लागण झालेल्या पेशी त्यांनी फार लवकर मारल्या तर व्हायरस पसरायच्या आधीच संपतो. मग इम्युनोथेरपी आधी द्यायची, नंतर की बरोबरच, मध्ये किती दिवस सोडायचे, हे आकडे बदलून बदलून बघतात. याला आपण रोजच्या बोलण्यात ‘गणित मांडणं’ म्हणतोच की! तेव्हा ‘मॉडेलिंग केलं’ऐवजी सरळ ‘गणित मांडलं’ लिहा, नाम हवं असेल तर ‘गणिती मांडणी’, आणि सुटं ‘मॉडेल’ आलं तर मॉडेलच राहू द्या, कुणाचं अडत नाही.

‘एकत्रित उपचार’ मात्र टाळा, दोन्ही एकाच वेळी दिले असं वाटतं. ‘जोडउपचार’ बरा, त्यात आधी-नंतरला जागा राहते. आणि जोड दिली की फायदा होतोच असंही नाही, मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी 2015 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं टी-वेक हे व्हायरसचं औषध पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाबरोबर देऊन 692 पेशंट्सवर मोठी ट्रायल झाली, पण नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅबपेक्षा ठळक फरक काही दिसला नाही.

या थेरपीतल्या व्हायरसला इंग्रजीत ऑन्कोलिटिक व्हायरस म्हणतात, त्याला ‘कर्करोगनाशक’ही नको, वाचणाऱ्याला रोगच गेला असं वाटेल, पहिल्यांदा येईल तिथे ‘कॅन्सरच्या पेशी फोडणारा व्हायरस’ लिहा की झालं.