वाचकांचे प्रश्न : ड्रॅक्युला उन्हात मरतो का?

प्रश्न : ड्रॅक्युलावरचा लेख आवडला पण एक गोष्ट खटकली, तुम्ही लिहिलंय की ऊन लागलं की त्याची राख होते, आणि कादंबरीत तर तो लंडनला पिकॅडिलीत भरदिवसा फिरतो, कादंबरीचा नायक जोनाथन त्याला बघून हादरतो. मग खरं काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमचंच बरोबर, चूक माझीच, सॉरी. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीत दिवसा त्याची ताकद कमी होते, पाहिजे तेव्हा रूप बदलता येत नाही, बस एवढंच. उन्हाने मरणं आलं ते १९२२च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटातून, आणि नंतरच्या सिनेमांनी ते इतकं गिरवलं की पुस्तक वाचूनही माझ्या डोक्यात तेच बसलेलं. कादंबरीत शेवटी तो मरतो सूर्यास्ताच्या ऐन तोंडावर, जोनाथनचा सुरा गळ्यावर आणि त्याचा साथीदार क्विन्सीचा काळजात. जोनाथनच्या हातात गुरख्यांची कुकरी असते, हे मला लेखात घ्यायलाच हवं होतं!

प्रश्न : कादंबरी डायऱ्या-पत्रांतून सांगितलीय, त्या मांडणीवर लेखात दोनच ओळी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : खरंय, कमी पडलं. सगळे आपापलं लिहितात, डॉक्टर सेवर्ड तर फोनोग्राफवर, म्हणजे आवाज साठवणाऱ्या यंत्रावर, बोलून ठेवतो, पण ड्रॅक्युलाची स्वतःची डायरी कुठेच नाही, तो कायम दुसऱ्यांच्याच नजरेतून दिसतो आणि मला तरी खरी भीती तिथेच वाटते.